बिस्किटांची वंशावळ

आमचा शिंपी माप घेताना तोंडाकडे बघत नाही. टेप मागून पुढे आणतो, दोन बोटं आत सरकवतो आणि जमिनीकडे बघत विचारतो, "साहेब, कंबर बेंबीवर धरू की खाली?" प्रश्न साधाच, पण त्यात पंचवीस-तीस वर्षांचा सलोखा आहे. खाली धरली तर ३६, वर धरली तर ३९. त्याच्या लांबट वहीत माझ्या नावाखाली ३०, ३२, ३४ असे आकडे उतरंडीसारखे उभे आहेत. जुने त्याने कधी खोडले नाहीत.

त्याच्या दुकानाच्या डोक्यावर जिम आहे. पूर्वी तिथे टायपिंगचा क्लास होता. वर कोणी डंबेल टाकलं की खाली ट्यूबलाइट थरथरते. तिथली पोरं पोटावर दिसणाऱ्या स्नायूंना 'बिस्किटं' म्हणतात. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ, वय ५३, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, दीड वर्षं तिथे घाम गाळतायत. परवा जिन्यात भेटले. वर-खाली कोणी नाही असं बघून त्यांनी टी-शर्ट उचलला. "दिसतायत?" मला काही दिसेना. मी खिशातली चाळिशी काढून नाकावर चढवली. "असं नाही हो, इकडून बघा," म्हणत ते जिन्याच्या खिडकीकडे जरा तिरके वळले, त्यांनी श्वास सोडला, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खरोखरच दोन आडव्या रेघा उमटल्या. मधोमध एक उभी. मग ढग आला आणि रेघा गेल्या.

तेव्हापासून मी या रेघांच्या मागे लागलोय. पोटावर आणायच्या म्हणून नव्हे, त्या आल्या कुठून म्हणून.

आधी शरीरात काय असतं ते सांगून टाकतो. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन लांब स्नायू शेजारी शेजारी उतरतात, रेक्टस अॅब्डॉमिनिस. दोघांच्या मधून एक पांढरट उभी शीव जाते आणि आडव्या, दोरीसारख्या गाठी त्यांचे तुकडे पाडतात. गाठी बहुधा तीन असतात. कोणाच्या कमी, कोणाच्या जास्त, कोणाच्या वाकड्या. ही वाटणी जन्माबरोबर येते, व्यायामाने एक गाठ वाढत नाही की सरळ होत नाही. सात वेळा मिस्टर ऑलिम्पिया झालेल्या आर्नोल्ड श्वार्झनेगरच्याही पोटावर ठसठशीत दिसायची ती चारच. म्हणजे बिस्किटं प्रत्येकाकडे आहेत, माझ्याकडेसुद्धा. प्रश्न पुड्याचा आहे.

आता भाषेकडे बघू. पोट वाढण्यासाठी मराठीत शब्दांची चैन आहे: ढेरी, दोंद, पोट सुटणं, अंगाने सुटणं, तुंदिलतनू. पोट आत जाण्यासाठी आहे ते सगळं भुकेचं आणि आजाराचं. पोट खपाटीला गेलं, पोट पाठीला लागलं, बरगड्या मोजून घ्याव्यात असा झाला. दिसणाऱ्या स्नायूंसाठी शब्दच नाही. नसणारच. ज्या मुलखात दर काही वर्षांनी दुष्काळ पडायचा तिथे पोटावर रेघा उमटणं कौतुकाचं कसं होणार? थोडंसं दोंद म्हणजे कोठीत धान्य असल्याची पावती होती. आपला लाडका देव तर लंबोदर. पोटावरच्या रेघांचं कौतुक संस्कृत कवींनी केलंय खरं, पण ती त्रिवली, बाईच्या बेंबीजवळ कातडीला पडणाऱ्या तीन नाजूक घड्या. आज त्याच घड्या घालवायला लोक जिमची वार्षिक फी भरतात.

आपल्या शिल्पकारांनाही या स्नायूंशी कर्तव्य नव्हतं. हडप्पाला सापडलेलं तांबड्या दगडाचं एक पुरुषी धड दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, वीतभरही नाही. त्याचं पोट किंचित पुढे आलेलं, मऊ, जणू आत्ताच श्वास भरून घेतलाय. घारापुरीच्या लेण्यात शिवाची केवढी धडं आहेत, पण एकाच्याही पोटावर गाठ दाखवलेली नाही. कारागिराला ती ठाऊक नव्हती असं नाही. त्याला शरीर आतून भरलेलं दाखवायचं होतं. पोटाचं मांस झडलेलं दाखवायची वेळ गांधारच्या शिल्पकारावर आली तेव्हा त्याने उपाशी सिद्धार्थ घडवला, लाहोरच्या संग्रहालयातला. बरगड्या, शिरा आणि पोटाच्या जागी खड्डा. ती तपश्चर्या आहे. आरशासमोर उभं राहण्याची ती जागा नव्हे.

रेघांचं माहेर ग्रीस. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या मध्याला पॉलिक्लिटस या शिल्पकाराने भालाधारी तरुणाची ब्राँझची मूर्ती ओतली आणि शरीराच्या प्रमाणांवर एक ग्रंथही लिहिला. मूळ मूर्ती गेली, ग्रंथही गेला. उरल्या रोमन लोकांनी केलेल्या संगमरवरी नकला. त्यातली पॉम्पेची नक्कल नेपल्सला आहे. तिचं पोट फरशी बसवल्यासारखं आखीव आहे, आणि त्याखाली कमरेची कड इतकी जाड की जिवंत माणसात ती तशी सहसा सापडत नाही. म्हणजे पहिलं प्रसिद्ध 'पॅक' हे निरीक्षण कमी आणि हिशेब जास्त होता.

रोमन लोक व्यवहारी. त्यांनी हेच पोट चिलखतावर ठोकून घेतलं. छाती, बेंबी, रेघा, सगळं धातूत. सम्राट आत कसाही असो, बाहेर तरुण देवासारखा. प्रीमा पोर्ता इथे सापडलेल्या ऑगस्टसच्या पुतळ्यावर असलं चिलखत आहे. पुतळा घडला तेव्हा ऑगस्टसने चाळिशी ओलांडली होती. मला हे फार आवडलं. चाळिशीतल्या माणसाला पोट तांबटाकडून करून मिळायचं.

पुढची दीड-दोन हजार वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण रेघा त्या काळात बहुतेक दगडात आणि कागदावरच राहिल्या. १५४३ साली व्हेसालियसने शरीररचनेचा ग्रंथ छापला, तीनच वर्षांनी रोमच्या जुन्या स्नानगृहात फार्नेसे हर्क्युलिसचा अवाढव्य पुतळा निघाला, चित्रकारांना एक नमुना हातात मिळाला आणि एक डोळ्यासमोर. युरोपातल्या कलाशाळांत या पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावरून हात बसवल्याशिवाय विद्यार्थ्याला जिवंत माणसासमोर बसू देत नसत. हीच पद्धत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आली. दोंद हे वैभव मानणाऱ्या घरांतली मराठी मुलं ग्रीक पोटांच्या छाया-प्रकाशाचा अभ्यास करू लागली, ती अशी.

दगडातल्या रेघा माणसाच्या अंगावर आणायचं श्रेय, किंवा पाप, एका माणसाच्या पदरात घालता येतं. युजेन सँडो. जन्म १८६७, गाव प्रशियातलं कोनिग्सबर्ग, खरं नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. लहानपणी वडिलांबरोबर इटलीत पुतळे पाहिले आणि आपणही असं व्हायचं ठरवलं, असं तो सांगे. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. साखळ्या तोडणारे, घोडे उचलणारे पहिलवान त्याच्या आधीही जत्रांतून होतेच आणि बऱ्याच जणांची पोटं सुटलेली होती. ताकद असली की झालं. सँडोने धंद्याची मेख ओळखली, की लोक वजन बघायला येतात पण नजर अंगावर ठरते. मग काळी मखमल मागे, अंगाला पांढरी पावडर, दिवा बाजूने. जिवंत माणूस संगमरवर होऊन उभा. जिन्यातल्या आमच्या गृहस्थांनी खिडकीकडे वळून केलं ते हेच.

१९०१ च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने पीळदार शरीरांची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षक तिघे: स्वतः सँडो, शेरलॉक होम्सवाला कॉनन डॉयल आणि सर चार्ल्स लॉज नावाचा शिल्पकार. शरीराची परीक्षा करायला शिल्पकार! पहिलं बक्षीस काय, तर सँडोचाच सोन्याचा पुतळा. त्याच साली ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागासाठी त्याच्या अंगावरून प्लास्टरचा साचा काढण्यात आला. पुतळ्यावरून माणूस आणि माणसावरून पुन्हा पुतळा.

१९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानात दौऱ्यावर येऊन गेला. त्याची पुस्तकं आणि डंबेलं त्याच्या आधीच पोचली होती. आपल्याकडे आज त्याचं काय उरलंय? बिनबाह्यांचा बनियन. 'दोन सँडो द्या, नव्वद साइज' असं दुकानात म्हणणाऱ्या दोंदिल गृहस्थाला आपण कोणाचं नाव घेतोय याची कल्पना नसते.

सँडोच्या हिंदी गिऱ्हाइकांत सातारा जिल्ह्यातल्या औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. जन्म १८६८, म्हणजे सँडोहून वर्षाने लहान. चित्रकार, कीर्तनकार, यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारणारे हौशी राजे. त्यांनी सँडोची साधनं आणून सुमारे दहा वर्षं नेमाने व्यायाम केला. मग १९०८ च्या सुमाराला, मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून, ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मागे फिरले नाहीत. वय चाळीस.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या वळणावर दोन घराण्यांची वाट वेगळी होते. सँडोच्या पद्धतीत स्नायू एकेकटा काढून फुगवायचा. दंड वेगळा, पोटरी वेगळी, पोट वेगळं. नमस्कारात पोट कधी एकटं नसतं. वाकताना ते दाबलं जातं, मागे जाताना ताणलं जातं, साष्टांगाला ते जमिनीला लावायचं नाही म्हणून आपोआप आवळलं जातं, आणि या सगळ्यात श्वास आणि मंत्र चालूच. बघायला कोणी नाही. असलाच तर सूर्य. भवानरावांनी संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली, आणि १९३६ साली, सदुसष्ट-अडुसष्टाव्या वर्षी, इंग्लंडला गेले तेव्हा लुईज मॉर्गन या पत्रकार बाई त्यांची तब्येत बघून इतक्या प्रभावित झाल्या की वर्तमानपत्रात लेखमाला झाली आणि १९३८ मध्ये लंडनहून इंग्रजी पुस्तक निघालं. आजच्या भाषेत बोलायचं तर उतारवयातल्या फिटनेसचा पहिला मराठी ब्रँड औंधचा.

दुसरी चाळिशी लोणावळ्याची. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, जन्म १८८३. १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. सुरुवातीचे प्रयोग कशावर? पोटावर. उड्डियान आणि नौली. नौलीत श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढायचं आणि मग तेच ते दोन रेक्टस स्नायू नळासारखे पुढे काढायचे, मधे, डावीकडे, उजवीकडे. ते उभे राहिलेले पाहिले की पोटात कोणी दोन जाड दोर टांगलेत असं वाटतं. कुवलयानंदांनी क्ष-किरणांची छायाचित्रं घेतली, दाबमापक लावला आणि नौलीच्या वेळी आतड्यात निर्वात निर्माण होतो हे मोजून दाखवलं. त्याला आपल्या गुरूंचं नाव दिलं, 'माधवदास व्हॅक्युम'. स्नायू तेच, पण दिसणं हे इथे उपउत्पादन. आतडं साफ होतंय का, हा प्रश्न. दिवाणखान्यात सांगण्यासारखा नाही, पण पन्नाशीनंतर बिस्किटांहून निकडीचा.

तालमीतल्या मल्लाचं पोट या दोन्ही घराण्यांत बसत नाही. कोल्हापूरच्या खासबागेत गाजलेल्या पैलवानांचे जुने फोटो बघा. मान आणि छाती बुरुजासारखी, पोट गुळगुळीत आणि घट्ट. दूध-तूप-बदामाचा खुराक आणि हजार बैठकांचा हिशेब असलेल्या अंगाला रेघ दिसली काय, नाही दिसली काय. पंचाईत व्हायची ती पस्तिशीनंतर. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही.

तिसरी चाळिशी बंगालची. मनोहर आइच, जन्म १९१२, उंची चार फूट अकरा इंच. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या थोबाडीत मारली म्हणून तुरुंगात गेले आणि तिथे व्यायामाला वेळच वेळ मिळाला. १९५२ साली लंडनला आपल्या उंचीच्या गटात ते मिस्टर युनिव्हर्स झाले. शंभरी गाठली तेव्हाही दंड फुगवून फोटोला उभे राहत. २०१६ साली गेले, १०४ व्या वर्षी. शेवटच्या काळातल्या फोटोंत कातडी सैल लोंबते, पण तिच्याखाली स्नायूंच्या कडा अजून ओळखू येतात, जुन्या वाड्याच्या तुळयांसारख्या.

आणि मग हिंदी सिनेमा. नव्वदच्या दशकात सलमान खानने शर्ट काढला तोवर ते त्याचं खासगी वेड वाटत होतं. खरा घाव बसला २००७ च्या दिवाळीत. 'ओम शांती ओम'मध्ये शाहरुख खान रेघांसकट पडद्यावर आला. पोट घडवायला मदत केली होती प्रशांत सावंत या आपल्याच मराठी प्रशिक्षकाने. शाहरुखला नुकतं बेचाळिसावं संपलेलं. वर्षभराने 'गजनी' आला, आमिर खान त्रेचाळीस. विशीतल्या नटाने हे केलं असतं तर कोणाला काही वाटलं नसतं. पण आपल्याच वयाच्या माणसाने केलं म्हटल्यावर देशभरातल्या कारकून, प्राध्यापक, ठेकेदारांच्या पोटावर एकदम प्रश्नचिन्ह उमटलं. बायकोने टीव्हीकडे आणि मग आपल्याकडे बघितलं, ती नजर माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. 'सिक्स पॅक' हा शब्द गावोगाव गेला तो तेव्हा. मुळात तो अमेरिकेतला बिअरच्या सहा डब्यांचा जुडगा. पोट ज्याने सुटतं त्याचंच नाव सुटलेलं पोट गेल्यावर मिळतं, हा विनोद तिकडच्यांनाही उशिरा कळला असावा. पुढे 'बाहुबली' आल्यावर तर काही मूर्तिकारांनी लंबोदरालाही पीळदार करून टाकलं. त्या बिचाऱ्याला मोदक तरी मिळाले की नाही, देव जाणे.

पडद्यावर जे दिसतं ते एका दिवसापुरतं असतं हे मात्र तेवढं पसरलं नाही. स्पर्धेत उतरणारे शरीरसौष्ठवपटू आधी काही दिवस मीठ, पाणी, पिष्टमय पदार्थ यांचा खेळ करून कातडी पातळ दिसेल असं बघतात, वर तेल, वर दिवा. पुरुषाच्या अंगातली चरबी साधारण १०-१२ टक्क्यांच्या आसपास आली की रेघा दिसू लागतात. तिथे महिनोन्महिने मुक्काम करणं चाळिशीपुढच्या माणसाला फार महागात पडतं. चिडचिड, झोप उडणं, लग्नाच्या पंगतीत वाटीभर वरण घेऊन बसणं. आणि पोटाचे व्यायाम कितीही केले तरी चरबी पोटावरूनच उतरेल असा करार शरीराने कोणाशी केलेला नाही.

वयावर खापर फोडायचीही सोय राहिली नाही. २०२१ साली 'सायन्स'मध्ये ६,४०० हून जास्त माणसांच्या ऊर्जेच्या खर्चाचा अभ्यास आला. अंगाचा आकार हिशेबात धरला तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास तसाच राहतो, साठीनंतर हळूहळू घटतो. चाळिशीत बदलतं ते आपलं बसणं, खाणं आणि स्नायू राखण्याचा आळस.

त्याहून मोठा दणका पुण्याने दिलाय. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला, केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक एकच, २२.३. दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२. आपल्याकडे माणूस बारीक दिसून आत चरबीचा असू शकतो, आणि ती आतड्यांभोवती बसली की मधुमेहाला आवतण. म्हणून भारतीय पुरुषाच्या कमरेची सीमा ९० सेंटीमीटर धरतात, बाईची ८०. माझी ३९ इंच म्हणजे ९९. बिस्किटं राहू देत, डॉक्टरांना एवढंच हवंय की मी नऊ सेंटीमीटर मागे सरकावं. तेवढ्याने रेघ एकही दिसणार नाही.

बायकांची गोष्ट या वंशावळीत कोणी नीट लिहिली नाही. ती घराघरात होती. बाळंतिणीचं पोट बांधायला आमच्या आजीकडे एक जुनं लुगडं राखून ठेवलेलं असे, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. तिची चार बोटांची घडी, बाळंतिणीने श्वास सोडायचा, आजीने गुडघा पलंगाला लावून पीळ द्यायचा. गरोदरपणात मधली पांढरी शीव ताणून दोन स्नायू एकमेकांपासून फाकतात हे आजीला कोणी शिकवलं नव्हतं. बोटं ठेवून "अजून दोन बोटं फट आहे" असं मात्र ती म्हणे, आणि आजच्या फिजिओथेरपिस्ट बाई तेच, तशीच, बोटांनीच बघतात. मिलिंद सोमणांच्या आई उषाताई वयाच्या ऐंशीच्या घरात साडी नेसून मुलाबरोबर जोर मारताना दिसल्या तेव्हा लाखोंनी तो व्हिडिओ बघितला. पोट दिसलंच नाही. पाठ मात्र फळीसारखी सरळ होती.

परवा पँट आणायला गेलो. बँकेतल्या गृहस्थांच्या चार पँटी काउंटरवर घडी करून ठेवल्या होत्या. "त्यांच्या सगळ्या आत घेतल्या," शिंपी म्हणाला. "अडीच-अडीच इंच. कमाल आहे माणसाची." मग त्याने एक पँट उलटी करून मला आतली शिवण दाखवली. जास्तीचं कापड कापलेलं नव्हतं, दुमडून टाचलं होतं.

"एवढी माया ठेवलीस?"

"माया ठेवावी लागते साहेब. दिवाळी आहे पुढच्या महिन्यात."

मी माझी घालून बघितली. बेंबीवर बरोबर बसली.